खजराण्याचा गणपती आणि सन १७३५

इंदुरात लग्नपत्रिका छापून आली की पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीची. घर मराठी असो, माळवी असो, गुजराती असो की सिंधी, यात फरक पडत नाही. नवी गाडी शोरूममधून निघते ती हार घालून आधी खजराण्याला जाते, मग घरी. बुधवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि तिळी चतुर्थीच्या जत्रेत देवाला सव्वा लाख तिळगुळाच्या लाडवांचा नैवेद्य होतो. शहरात इतरही नावाजलेली देवस्थाने आहेत. ज्याच्यावरून इंदूरला नाव मिळाले असे मानतात तो इंद्रेश्वर महादेव आहे, मल्हारगंजात पंचवीस फुटी बडा गणपती आहे, राजवाड्याच्या शेजारी गोपाळ मंदिर आहे. पण शहराने आपल्या सुखदुःखाचा कारभार ज्याच्या हवाली केला आहे तो देव खजराण्याचा.

त्याची कथा अशी सांगतात. औरंगजेबाच्या काळात मूर्ती फोडली जाईल या भीतीने भाविकांनी गणपती विहिरीत लपवला. तो तिथेच राहिला. पुढे मंगल भट्ट नावाच्या ब्राह्मणाला दृष्टान्त झाला. त्याने ही गोष्ट अहिल्याबाई होळकरांच्या कानावर घातली, शोध घेतला गेला आणि मूर्ती बाहेर आली. अहिल्याबाईंच्या मनात ती राजवाड्यावर नेऊन बसवायचे होते, पण मूर्ती जागची हलेना. तेव्हा जिथे सापडली तिथेच देऊळ बांधले. साल १७३५. पूजेचा मान आजही भट्ट घराण्याकडे आहे.

या कथेवरून रामबागेतल्या एका मराठी घरात काका आणि पुतणी यांचा वाद गेली काही वर्षे चालू आहे. काका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मोडी वाचतात, होळकरांच्या कागदपत्रांचे छापील खंड त्यांच्या कपाटात आहेत. पुतणी विजयनगरच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि दर बुधवारी ऑफिसला जाण्याआधी खजराण्याला जाऊन येते. शंका घ्यावी तरुणाने आणि श्रद्धा जपावी म्हाताऱ्याने अशी आपली समजूत असते. या घरात उलटे आहे. एका बुधवारी ती दर्शन घेऊन, वाटेत जीरावन मसाला भुरभुरवलेले पोहे बांधून घेऊन काकांकडे आली, तेव्हा झालेले बोलणे इथे देण्यासारखे आहे.

काकांनी पोह्यांना हात लावण्याआधीच सुरुवात केली. “अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. चौंडीचा. सन १७३५ मध्ये त्यांचं वय किती?”

“दहा,” पुतणी म्हणाली. “काका, हे तुम्ही मला दर वेळी विचारता.”

“विचारणारच. दहा वर्षांची पोर. लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तिला कोण दृष्टान्त सांगायला येईल? आणि ती देऊळ कशातून बांधेल? तिच्या हातात कारभार आला १७६७ मध्ये. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव त्यानंतरच्या वर्षी. मग ती गादीवर. बत्तीस वर्षांचा फरक आहे हा.”

“आणि राजवाडा?”

काकांना हा प्रश्न आवडला असावा. “तेही सांगतो. राजवाड्याचं बांधकाम सुरू झालं १७४७ मध्ये. म्हणजे १७३५ मध्ये ज्या राजवाड्यावर मूर्ती न्यायची होती तो राजवाडाच नव्हता. आणि अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला तेव्हा त्या महेश्वरला राहायला गेल्या. इंदूर होळकरांची राजधानी झालं ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. त्यांना मूर्ती न्यायचीच असती तर महेश्वरला नेली असती, नर्मदेकाठी. एका गोष्टीत तीन काळ गुंतलेत.”

काकांचे म्हणणे खोडता येण्यासारखे नाही. जन्मसाल आणि बांधकामाचे साल शेजारी ठेवले की शाळकरी मुलालाही वजाबाकी करता येईल. तरी हे साल वर्षानुवर्षे अहिल्याबाईंच्या नावाला जोडून सांगितले जाते, पर्यटनाच्या माहितीत छापले जाते, दर जत्रेला वर्तमानपत्रांत येते. या शहराच्या विमानतळाला आणि विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. ज्या शहराला त्यांच्याबद्दल एवढी माया आहे, त्याने त्यांच्या वयाचा हिशेब एकदा तरी करायला हवा होता.

पुतणीला हिशेबाबद्दल तक्रार नव्हती. तिचा मुद्दा वेगळा होता. “साल चुकलं असेल. मी मान्य करते. पण तुम्ही साल चुकलं म्हणता म्हणता सगळी कथाच बाजूला सारता. मूर्ती लपवली होती हे काय खोटं आहे?”

“ते मी कधी म्हटलं?” काका जरा दुखावले. “लपवणं अगदी शक्य आहे. तू गोव्याचं उदाहरण घे. कुशस्थळीचा मंगेश पोर्तुगीजांच्या भीतीने झुआरी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. सोळाव्या शतकात, रातोरात, डोक्यावर घेऊन लोक चालत गेले. गोवर्धनचा श्रीनाथजी औरंगजेबाच्या काळात मेवाडला गेला आणि तिथे नाथद्वारा वसलं. आणि लांब कशाला, आपल्या उज्जैनला बघ. महाकाळाचं लिंग कोटितीर्थाच्या कुंडात ठेवलं होतं असं सांगतात. देऊळ परत उभं केलं राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी, १७३० च्या दशकात. तेव्हा देव पाण्यात ठेवून वाट पाहणं ही त्या काळातली खरी गोष्ट आहे.”

“मग?”

“मग काही नाही. उज्जैनला माणसाचं नाव आहे, त्याच्या धन्याचं नाव आहे, काळ जुळतो. खजराण्याला नाव अहिल्याबाईंचं आहे आणि काळ जुळत नाही. माझा आक्षेप एवढ्यावरच आहे.”

इथे एक गोष्ट वाचकाच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. १७३० चे दशक माळव्यासाठी साधे नव्हते. नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्याला चिमाजी आप्पांनी मोगल सुभेदाराच्या फौजेचा पराभव केला. १७३२ मध्ये होळकर, शिंदे आणि पवार यांच्यात माळव्याचे महाल वाटले गेले. माळव्याच्या सनदा बादशहाकडून रीतसर मिळायला १७४१ उजाडले, पण प्रत्यक्षात गावोगाव अंमल मराठ्यांचा होता. जे देव घरात, शेतात, विहिरीत जाऊन बसले होते ते बाहेर यायला हाच काळ होता. खजराण्याच्या कथेत १७३५ हे साल हवेतून आलेले नाही. ते या प्रदेशाच्या इतिहासात अगदी नेमके बसते. बसत नाही ते त्याच्याशेजारी लिहिलेले नाव.

काकांनी हाच धागा पुढे नेला. “मला विचारशील तर त्या काळात होळकरांच्या घरात देवाधर्मावर खर्च करू शकेल अशी बाई एकच होती. गौतमाबाई. मल्हाररावांची बायको, अहिल्याबाईंची सासू. पेशव्यांनी १७३४ मध्ये तिच्या नावाने खासगीचे महाल तोडून दिले. म्हणजे दौलतीचा पैसा वेगळा आणि घरच्या बाईचा पैसा वेगळा. पुढे काशीचं विश्वनाथ मंदिर, सोमनाथ, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं, हे सगळं अहिल्याबाईंनी या खासगीतून केलं. गौतमाबाई १७६१ मध्ये गेली तेव्हा खासगी सुनेकडे आली.”

“म्हणजे खजराणा गौतमाबाईंनी बांधलं?” पुतणीचे डोळे चमकले.

“नाही. तसं मी म्हणणार नाही. कागदाशिवाय नाव बदललं तर मी आणि माहिती छापणारे यांच्यात फरक काय राहिला? मी एवढंच म्हणतो, की अहिल्याबाईंचं नाव घेताना त्यांच्या मागे उभी असलेली सासू आपल्याला दिसतसुद्धा नाही. तिचं नाव शहरातल्या कितीजणांना ठाऊक आहे?”

वादातला हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे. अहिल्याबाईंच्या कीर्तीला त्यामुळे काही धक्का लागत नाही. काशीच्या विश्वनाथाचे १७८० चे काम, भीमेकाठी सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाचे देऊळ, महेश्वरचा घाट एवढे नुसते डोळ्यांसमोर आणले तरी दुसऱ्याच्या पदरातले काढून त्यांना द्यायची गरज उरत नाही. नुकसान होते ते बाकीच्यांचे. राजवाड्याजवळचे गोपाळ मंदिर १८३२ मध्ये कृष्णाबाई होळकरांनी बांधले, यशवंतरावांच्या पत्नीने. नदीकाठच्या कृष्णपुऱ्याला आणि तिथल्या छत्रीला त्यांचेच नाव आहे. तरीही बाहेरगावच्या पाहुण्याला सांगताना “अहिल्याबाईंनी बांधलं” असे सहज तोंडून जाते. होळकरांच्या घरात पैसा आणि कारभार सांभाळणाऱ्या बायका एकाहून अधिक होत्या. शहराने त्या सगळ्या एकीत गोळा केल्या आहेत.

महाराष्ट्रातही हेच घडले आहे. हेमाडपंती म्हटल्या जाणाऱ्या देवळांपैकी कितीतरी हेमाद्रीच्या जन्माआधीची आहेत. लोकांना बांधणाऱ्याचे एक ठसठशीत नाव हवे असते. ते एकदा मिळाले की वर्ष, वंश, दगड सगळे त्याच्याभोवती जमवून घेतले जाते.

पुतणीने पोह्यांची ताटली काकांपुढे सरकवली आणि आपला डाव टाकला. “काका, मूर्ती हलेना, हे तुम्हाला काय वाटतं?”

“ती जुनी पठडी आहे. सिहोरला चिंतामण गणपती आहे. विक्रमादित्याला पार्वती नदीत कमळ मिळालं, तो ते रथातून घेऊन चालला, पहाट झाली तशी त्या कमळाची गणेशमूर्ती झाली आणि रथ जागीच रुतला. मूर्ती अर्धी जमिनीत, उपसायला गेले तर निघेना. पुढे बाजीरावांनी जीर्णोद्धार केला असं सांगतात. रथाच्या जागी राजवाडा घातला की आपली कथा झाली. गावागावात असे न हलणारे देव आहेत.”

“आणि खजराण्यासारखं तिथेही मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढतात.”

“काढतात. हे मला ठाऊक आहे.”

“मग मी माझं सांगू? तुम्ही त्याला पठडी म्हणता. मी त्याला निवाडा म्हणते. राजवाड्यावर मल्हारी मार्तंड आहेच. तो होळकरांचा कुलस्वामी, त्यांच्या घरातला देव. चंपाषष्ठी, दसरा, सगळं तिथे. ते बरोबरच आहे, ज्याचा देव त्याच्या घरात. पण खजराण्याचा देव राणीने बोलावलं तरी गेला नाही, असं लोक सांगतात. म्हणजे लोकांना काय सांगायचं आहे? हा देव कोणाच्या देवघरातला नाही. तो जिथे सापडला तिथे, शेतात, गावात, आमच्यात राहिला. म्हणून माझी पत्रिका आणि एखाद्या मोठ्या शेठची पत्रिका एकाच पायाशी पडते. तुम्ही साल शोधा, काका, जरूर शोधा. पण ही गोष्ट खोडू नका. ती हा देव कोणाचा ते सांगते.”

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे मला शाळेत शिकवता आलं असतं तर बरं झालं असतं.”

स्वस्तिकाचा विषय निघाला आणि बोलणे इतिहासावरून आचाराकडे वळले. खजराण्याला नवस बोलण्याची रीत महाराष्ट्रातल्या रीतीहून निराळी आहे. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढायचे आणि मागणे मागायचे. मनासारखे झाले की परत येऊन तेच स्वस्तिक सरळ काढायचे. कोणी दोरा बांधतात, कोणी तीन प्रदक्षिणा घालतात, पण खजराण्याची खरी ओळख म्हणजे ही मागची भिंत. पुढे गाभाऱ्यात चांदी, शेंदूर, फुलांचा ढीग, दर्शनाची रांग आणि पुजाऱ्यांची घाई. मागे तेवढ्याच शांतपणे माणसे बोटाने आपापली कामे देवाला नेमून देत उभी असतात.

“आमच्या आईने घरातला गणपती पाण्यात ठेवला होता,” काका म्हणाले. “तुझ्या आजीने. मला टायफॉइड झाला होता तेव्हा. ताप उतरेपर्यंत देव पाण्यात. उतरला तेव्हा काढून पुसून पंचामृत घातलं. देवाला अडचणीत धरायचं आणि सुटका झाली की आपण त्याला सोडवायचं. उलटं स्वस्तिक हे त्याच जातीचं आहे. फक्त तिथे भिंत सर्वांची आहे.”

“आणि परत जाणं ठरलेलं आहे,” पुतणी म्हणाली. “काम झालं की विसरून चालत नाही. मी नोकरीसाठी काढलं होतं. नोकरी लागल्यावर गेले नाही तर मलाच झोप लागली नसती. काका, ज्यांच्या नावाने कधी कागद निघाला नाही, निघणारही नाही, त्यांची नोंद त्या भिंतीवर आहे.”

“पण ती पुसली जाते. वर दुसरं स्वस्तिक येतं. भिंत धुतात.”

“धुऊ देत. ज्याने काढलं त्याला आठवतं ना.”

इतिहासाच्या शिक्षकाला हे उत्तर पुरणारे नव्हते, आणि खरे तर पुरूही नये. आठवणारा माणूस गेला की आठवण जाते. म्हणूनच कागद लागतो. पण भिंतीची बाजूही दुबळी नाही. आज उभे असलेले देऊळ बऱ्याच जीर्णोद्धारांनंतरचे आहे. जुनी बांधणी, जुना दगड यावरून काळ सांगावा अशी सोय आता फारशी उरलेली नाही. गाभाऱ्याला चांदी आली, आवारात लहानमोठी कितीतरी देवळे वाढली, व्यवस्थापन समिती आली आणि तिच्या शिरोभागी जिल्हाधिकारी आले. या सगळ्यात न बदललेली गोष्ट एकच, की माणसे येऊन मागतात आणि मिळाले की परत येतात. देवस्थानाचे वय मोजायचे तर ही रीतही पुराव्यात धरायला हवी.

वारावरूनही या घरात दरवेळी चकमक होते. काकांना बुधवार पटत नाही. गणपतीचा वार मंगळवार, अंगारकी असेल तर विशेष, आणि महिन्याची संकष्टी; मराठी माणसाचे हे ठरलेले. बुधवार उत्तर हिंदुस्थानचा. इंदूर या दोन रिवाजांच्या मधोमध उभे आहे. जत्रेचेही तसेच. जानेवारीत येणारी तिळी चतुर्थी शेजारच्या हिंदीभाषक घरात माघातली असते आणि मराठी घरातल्या भिंतीवरच्या पंचांगात तीच संकष्टी पौषातली. कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. मराठी घर मग पुढच्या पंधरवड्यात माघ शुद्ध चतुर्थीला गणेशजयंती पुन्हा करते. खजराण्याच्या जत्रेला जाऊन लाडवाचा प्रसाद घ्यायचा आणि काही दिवसांनी घरी आपली माघी चतुर्थी पाळायची, हे तीनशे वर्षे माळव्यात राहिलेल्या मराठी माणसाचे जगणे आहे. काका मंगळवारी घरच्या गणपतीला दूर्वा वाहतात, पुतणी बुधवारी खजराण्याला जाते, आणि दोन्हींकडचा प्रसाद एकाच डब्यात येतो.

बडा गणपतीची गोष्ट काकांनीच मध्ये आणली. तोही दृष्टान्ताचाच देव. १८७५ मध्ये दाधीच घराण्यातल्या पंडितांनी स्वप्नात पाहिलेल्या रूपाप्रमाणे तो घडवला असे सांगतात. विटा, चुना, सप्तपुऱ्यांची माती, तीर्थांचे पाणी असे काय काय त्या मूर्तीत आहे म्हणतात. पंचवीस फुटांच्या त्या देहाला शेंदराचा चोळा चढवायचा म्हणजे कित्येक दिवसांचे काम, आणि ते वर्षातून मोजक्याच वेळा होते.

“तिथे माझं काही भांडण नाही,” काका म्हणाले. “स्वप्न ज्याचं त्याचं. त्यावर मी कोण बोलणार? पण साल, माणूस, जागा यांचा मेळ बसतो. स्वप्न आणि सनावळी एकमेकांच्या आड येत नाहीत. खजराण्यालाही तसं करता येईल.”

“कसं?”

“कथा ही कथा म्हणून लिहावी. पूर्ण, तुझी मूर्ती न हलण्याची गोष्ट धरून. तिच्याखाली, वेगळ्या ओळीत, होळकरकाळ एवढंच लिहावं आणि अहिल्याबाईंच्या नावाशेजारचं १७३५ काढावं. साल ठेवायचं तर त्यांचं नाव काढा, नाव ठेवायचं तर साल १७६७ च्या पुढचं दाखवा.”

“आणि औरंगजेब?”

काकांनी इथे आवाज खाली आणला. “काशीचं देऊळ १६६९ मध्ये त्याच्या हुकमाने पाडलं. ते त्याच्याच दरबारच्या इतिहासात लिहिलेलं आहे, त्यात वाद नाही. पण खजराण्यात नाहर शाह वलींचा दर्गाही आहे आणि भोवती मुसलमान वस्ती मोठी आहे. देऊळ आणि दर्गा एका वस्तीत कधीपासून नांदताहेत. कथा सांगताना ती औरंगजेबाच्या काळातल्या भीतीची आहे असं सांगावं. ती आजच्या शेजाऱ्यावर लादू नये. इतिहास नीट सांगितला तरच एवढा फरक करता येतो, नाही तर सगळी खिचडी होते.”

पुतणीने यावर वाद घातला नाही. ती म्हणाली, “बुधवारी मी त्या वस्तीतूनच रिक्षाने जाते.”

वाद मिटला असे मात्र नाही. कथेतले देवाचे वागणे हा लोकांनी केलेला निवाडा आहे, असे पुतणी म्हणते. लोकांचा निवाडा मान्य, पण सालाचा निवाडा लोकांनी करायचा नसतो, असे काका म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते सालाच्या बाबतीत काका पूर्ण बरोबर आहेत, तिथे तडजोडीला जागा नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या नावावर देऊळ चढवणे म्हणजे तिने पुढे अठ्ठावीस वर्षे केलेल्या कारभाराकडे दुर्लक्ष करणे आहे. अहिल्याबाई आपल्या पत्रांवर ‘श्रीशंकर’ लिहीत असत. महेश्वरच्या वाड्यात त्यांनी घालून दिलेले पार्थिव लिंगार्चन आजही रोज चालते. ब्राह्मण मातीची लिंगे करतात, पूजा होते, लिंगे नर्मदेत सोडतात. ज्या बाईची नेमलेली पूजा सव्वादोनशे वर्षांनंतरही खंड न पडता चालू आहे, तिच्याबद्दल लिहिताना खऱ्या गोष्टींची वाण नाही. पण कथेचा अर्थ लावण्यात पुतणी काकांच्या पुढे आहे. राजवाड्यावर न गेलेला देव ही इंदूरच्या सामान्य माणसाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आहे, आणि तिला जपण्यासाठी चुकीच्या सालाचा टेकू लागत नाही.

आता मुख्य काम, कागद वाचवण्याचे. इंदूरचा राजवाडा तीनदा जळला, १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या फौजेच्या हातून, १९०८ मध्ये आणि १९८४ च्या दंगलीत. दरबारी कागद जसे जळतात तसे सगळ्या घरांतले कागद एकाच वेळी जळत नाहीत. वासुदेव वामन ठाकुरांनी होळकरशाहीच्या इतिहासाची साधने छापली आणि पारसनिसांनी महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापली, त्यामुळे आज एवढे तरी बोलता येते. इंदूर, महेश्वर, देवास, धार इथल्या मराठी घरांत माळ्यावर, देवघराखाली, जुन्या ट्रंकेत मोडीत लिहिलेल्या वह्या, इनामाच्या सनदा, देवस्थानाच्या नेमणुकांच्या याद्या अजून असतील. घर विकताना, पाडताना रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ते कागद मोडी जाणणाऱ्या कोणालातरी दाखवा, त्यांची छायाचित्रे काढून घ्या, आणि खजराणा, इंद्रेश्वर, पंढरीनाथ अशी नावे कुठे दिसली तर ती इतिहास संशोधकांपर्यंत पोचवा. देवस्थानाच्या व्यवस्थापन समितीनेही आपल्या माहितीतले हे साल दुरुस्त करावे. त्यासाठी कोणताही नवा कागद सापडायची वाट पाहायला नको; अहिल्याबाईंचे जन्मसाल पुरेसे आहे.